च्युइंगम व तत्सम सर्व पदार्थ

वणीकडच्या एका आजींचे लुगडे माझ्या बाकाला चिकटले, त्या दिवशी च्युइंगम या वस्तूविषयी माझे मत कायमचे ठरले. त्याआधी मी तिच्याकडे नुसत्या तुच्छतेने पाहत असे. त्या दिवसापासून तिच्याविरुद्ध लेखी उभा राहिलो. माझ्या व्यवसायात या दोहोंत मोठे अंतर आहे. तुच्छता मनात राहते, अर्जाला मात्र आवक क्रमांक पडतो.

मी अर्ज लिहितो. नाशकातल्या एका सरकारी कचेरीच्या आवारात, फाटकातून शिरल्यावर डाव्या हाताला पत्र्याची शेड आहे, तिच्यात गेली बावीस वर्षे माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीला मी बसलो नाही; बसलो असतो तर निकाल काय लागला असता याविषयी मला शंका नाही. काळा कोट घातलेली पदवीधर माणसे “नाना, जरा मायना सांगता का?” म्हणत माझ्या टेबलाशी वाकतात, तेव्हा त्या न दिलेल्या परीक्षेचे प्रमाणपत्र मला रोज नव्याने मिळते.

आजी शिधापत्रिकेतल्या नावाची दुरुस्ती करायला आल्या होत्या. कचेरीत जायचे म्हणून ठेवणीतले हिरवे लुगडे नेसल्या होत्या. खेड्यातली माणसे कचेरीला अजून एवढा मान देतात, आणि कचेरी त्यांना बदल्यात काय देते ते सर्वांना ठाऊक आहे. अर्ज लिहून झाला, अंगठा उठवून झाला, आजी खिडकीकडे जायला उठल्या आणि अर्ध्यातच थबकल्या. काष्टा बाकाने धरून ठेवला होता.

“अगं बया! ह्ये काय चिटाकलं मागं?”

बाकापासून लुगड्यापर्यंत एक गुलाबी, ओंगळ तार ताणली गेली होती. मी ब्लेडच्या पात्याने ती तोडू पाहिली, तर ती पात्याला लागली. पाते कागदाने पुसले, तर कागदाला लागली. टपरीवरून चहावाल्या वहिनी ओरडल्या, “नाना, खरवडू नका, आणखी आत जाईल! बर्फ लावा, बर्फ!” रस्त्यापलीकडच्या रसवंतीतून बर्फाचा खडा आणला. मग सत्तरी उलटलेली ती बाई भर आवारात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, मागे बर्फ धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. गुलाबी गोळा कडक होऊन सुटेपर्यंत खिडकी जेवणासाठी बंद झाली आणि खिडक्यांच्या रीतीप्रमाणे त्या दिवशी पुन्हा उघडली नाही.

“उद्या येते, बाबा,” आजी म्हणाल्या. “येष्टीत हुबीच जाईन. बसले तर शिटालाबी डाग लागंल.”

ज्याच्या तोंडातून तो गोळा बाहेर पडला, त्याच्या मनात बाकाविषयी एवढी काळजी आली असती काय? मी पुष्कळ प्रकारचे घाणेरडे लोक जवळून पाहिले आहेत. पान खाणारा निदान मान वळवून थुंकतो. त्याला कोठेतरी कळत असते की आपण काही गैर करीत आहोत. च्युइंगमवाल्याचे तसे नसते. तो तोंडातला ऐवज दोन बोटांत घेतो, सोनाराने खडा बसवावा तशा निगुतीने बाकाच्या फळीखाली दाबतो, बोटे चोळतो आणि सभ्य माणसासारखा चालू लागतो. गाय दिवसभर रवंथ करते, पण शेवटी गिळते. जे गाईला कळते ते इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाला कळू नये, यालाच बहुधा उच्च शिक्षण म्हणत असावेत.

त्या संध्याकाळी मी शेडमधले सगळे बाक उलटे केले. खालची बाजू पाहून मला शिसारी आली. गुलाबी, पांढरे, करडे, कोळशासारखे झालेले. बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेले. आमच्या कचेरीत अंगठा उठवून घेण्यासाठी माणसांना दहा वेळा बोलवावे लागते. येथे त्यांनी न बोलावता उठवले होते.

शेजारच्या टेबलाविषयी आता सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्या टेबलावर घडले. तेथे एक टंकलेखक बसतो. सिन्नरहून रोज एस्टीने येतो. पूर्वी यंत्र बडवीत असे, आता संगणक व प्रिंटर आहे. मजकूर माझा, टंकन त्याचे, अशी आमची जुनी व्यवस्था आहे. त्याला मी भाऊ म्हणतो आणि तो मला नाना म्हणतो; यापलीकडे आमच्यात जिव्हाळा होता असे मी म्हणणार नाही. त्याच्याविषयी माझी मुख्य तक्रार तंबाखू ही होती. तीस वर्षे तो माणूस डाव्या तळव्यावर चुना-तंबाखू मळून उजव्या हाताने लोकांची शपथपत्रे टंकित करीत आला होता.

आजींच्या प्रसंगाच्या थोडेसे आधी त्याची तंबाखू एकाएकी बंद झाली. एका दुपारी संगणकाकडे पाहतच त्याने मला कारण सांगितले.

“गालात पांढरा चट्टा आलाय, नाना. डॉक्टर म्हणले, आत्ता सोडली तर चट्टा जिरंल. नाय सोडली तर फुडचं मी बोलत नाय म्हणले.”

“मग सोडा. त्यात एवढं काय?”

“सोडलीच हाय. पर हात आन् तोंड ऐकत नाय ना. म्हणून ही गोळी दिलीय चघळायला. थोडी थोडी कमी करायची. सहा महिन्यांनी पुन्हा बघनार हायेत.”

गोळी म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे, तंबाखूची तलफ मारणारे च्युइंगमच होते. मी त्याला सांगितले की निश्चय असला की गोळी लागत नाही, आणि ज्याला तंबाखू सोडायला दुसरे काही चघळावे लागते त्याने तंबाखू सोडली नसून तिची बदली केली आहे.

“नाना,” तो म्हणाला, “तुमचा दुपारचा चहा आठ दिवस बंद करून बघा, मंग निश्चय बोलू.”

एवढे मात्र मला नमूद करणे भाग आहे: चघळून झालेला गोळा तो प्रिंटरमध्ये अडकून वाया गेलेल्या कागदाच्या चिठोऱ्यात गुंडाळीत असे आणि चुन्याच्या जुन्या रिकाम्या डबीत ठेवीत असे. संध्याकाळी जाताना डबी बसस्थानकावरच्या कचरापेटीत झाडीत असे. हे मी रोज पाहत होतो. पाहूनही मी त्याला त्या फळीखालच्या टोळीतच मोजत होतो.

अर्जाची कल्पना मी टपरीवर प्रथम मांडली. वर्तमानपत्रातले एक कात्रण माझ्याजवळ होते. सिंगापूर नावाच्या देशात च्युइंगमच्या विक्रीवर बंदी आहे असे त्यात आले होते. ते मी वाचून दाखवले आणि म्हणालो की जे एका बेटाला जमते ते सिंहस्थाच्या तोंडावर फरशा बदलणाऱ्या नाशिकला जमायला हरकत नसावी. नव्या फरशा बसून पंधरा दिवस होत नाहीत तोच त्यांच्यावर काळे ठिपके पडत होते.

एक तरुण वकील तेथे उभा होता. जबडा हलतच होता. “काका, टाकणाऱ्याला दंड करा ना. चघळणाऱ्याने काय पाप केलं?”

“टाकणारा सापडतो कधी?” मी म्हणालो. “पिचकारीला रंग असतो, ओघळ असतो, मारणारा जवळपास असतो. तुमचा गोळा बाकाला लागतो आषाढात आणि माणसाला सापडतो दिवाळीत. दंड कोणाला करायचा, बाकाला?”

“आधी तो कचेरीचा जिना बघा,” वहिनी मध्येच म्हणाल्या. “गुटख्यावर कधीची बंदी आहे ना? कोपरा लालच्या लालच. तुमच्या बंदीनं काय होणारे?”

“आणि वहिनी, तुम्हीच तर विकता,” वकील हसला.

“मी कुठं विकते? सुट्टे नसले की देते.”

हे खरेच होते. रुपयाच्या जागी गोळी द्यायची रीत सगळ्या टपऱ्यांवर आहे. गिऱ्हाइकाने गोळी मागितलेली नसते, पण हातात आली म्हणून तो तोंडात टाकतो, आणि तोंडात आहे म्हणून कोठेतरी लावतो. अर्धे शहर जे चघळत फिरते ते मुळात सुट्टे पैसे असतात. ज्या वस्तूची कोणाला भूक नाही, कोणाला तहान नाही, जिच्याने पोट भरत नाही आणि जी शेवटी गिळताही येत नाही, तिच्यावर निर्बंध घातला तर कोणाचे काय बुडणार आहे? सरकारने माणसाच्या तोंडात डोकावू नये असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर आहे की तोंडात राहील तोवर सरकारने डोकावू नयेच. पण तोंडातले जेव्हा आजींच्या काष्ट्यापर्यंत पोचते, तेव्हा ते तोंडाचे राहत नाही. हे माझे मत तेव्हा होते व आजही आहे.

अर्ज दोन पानी झाला. विक्रीवर मर्यादा, देवस्थाने, घाट, बसस्थानके व शासकीय आवारे येथे पूर्ण मनाई, सुट्ट्या पैशांऐवजी देण्यास बंदी, अशा मागण्या मी क्रमाने बांधल्या. आजींचा प्रसंग लिहिताना माझी लेखणी अशी चालली की वाचणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःचा बाक तपासावा. तो मजकूर मी टंकलेखकाला सांगू लागलो. त्याची बोटे चालत होती, जबडाही चालत होता. मनाईच्या परिच्छेदाशी तो थांबला.

“‘च्युइंगम व तत्सम सर्व चघळण्याचे पदार्थ.’ नाना, हे ‘तत्सम सर्व’ ठिवू का काढू?”

“काढता कशाला?”

“नाय, म्हनलं च्युइंगम लिहिलं की झालं. तत्सम कशापायी?”

मी त्याला समजावले. अर्ज लिहिणाऱ्याच्या हातात ‘व तत्सम सर्व’ ही गोणीचे तोंड शिवणारी सुतळी असते. फार पूर्वी एका शेतकऱ्याच्या तक्रारीत मी फक्त शेळ्या लिहिल्या होत्या, तर शेजाऱ्याने दुसऱ्या दिवशी त्याच शेतात मेंढ्या घातल्या आणि वर कागद दाखवला. तेव्हापासून माझ्या हातून तत्सम सुटलेले नाही. दगड व तत्सम सर्व वस्तू, शिवीगाळ व तत्सम सर्व प्रकार, पत्रा व तत्सम सर्व आडोसे. “तत्सम काढलं तर उद्या लोक म्हणतील हे च्युइंगम नाही, ही बबलगम आहे. तुम्ही टंकन करा, भाऊ. कायदा माझ्याकडे राहू द्या.”

“बरं,” तो म्हणाला आणि पुढे टंकित करू लागला. त्याच्या टेबलावर, कळफलकाच्या शेजारी, गोळ्यांची चंदेरी पट्टी पडलेली होती. ती मला दिसत होती. तिच्यासाठी विचारतो आहे हे मला कळले नाही असे मी आज म्हटले, तर ते खोटे शपथपत्र होईल. मला कळले होते. मला वाटले, आपल्या गालासाठी सबंध महाराष्ट्राचा मसुदा ढिला करायला निघाला आहे.

अर्ज मुंबईला संबंधित खात्याकडे गेला. राज्यभर निर्बंध येईल अशी माझी अपेक्षा होती, आणि ती अवाजवी होती असे मला अजून वाटत नाही. पण अर्ज वर जातो तो वर राहण्यासाठी नव्हे. वरच्या खात्याने तो ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ खाली सोडला, खालच्याने त्याच्या खाली, आणि जिन्यावरून निसटलेल्या पातेल्यासारखा गडगडत तो आमच्याच कचेरीच्या साहेबांच्या टेबलावर येऊन थांबला. त्याखाली आणखी पायरी नव्हती, म्हणून साहेबांना कार्यवाही करावी लागली. फाटकावर बोर्ड लागला: ‘या आवारात च्युइंगम व तत्सम सर्व चघळण्याचे पदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे.’

मी त्या बोर्डासमोर बराच वेळ उभा राहिलो. आयुष्यभर माझी वाक्ये दुसऱ्यांच्या सह्यांखाली गेली. हे वाक्य प्रथमच उघड्यावर, पांढऱ्या रंगात, कोणाच्याही सहीवाचून लागले होते. शासनाने एका शब्दाचाही बदल केला नव्हता.

पहिल्याच सोमवारी फाटकावरच्या पहारेकऱ्याने तपासणी सुरू केली. तो धिप्पाड गृहस्थ आमच्या ओळखीचा आहे. गालात सदैव मावा असतो, आणि तो सांडू नये म्हणून तो हनुवटी आभाळाकडे करून बोलतो. टंकलेखक माझ्या पुढेच होता. पहारेकऱ्याने त्याच्या शर्टाच्या खिशातून पट्टी काढली.

“हे काय?”

“औषध हाय.”

“चघळायचं का गिळायचं?”

“चघळायचं.”

“मग तत्सम,” पहारेकरी म्हणाला आणि पट्टी खोक्यात टाकली.

“अहो, तंबाखू सुटावी म्हणून डॉक्टरनी दिलंय. आन् तुमच्या गालात काय हाय?”

“हा मावा. त्याचा बोर्ड तो.” पहारेकऱ्याने हनुवटीनेच भिंतीकडे दाखवले. तेथे तंबाखूबंदीचा जुना, गंजलेला बोर्ड होता. “तो आधीच्या साहेबांचा. ह्या साहेबांनी हा दिलाय, ह्याची तपासणी सांगितलीय. मला दोन दोन बोर्ड झेपत नाहीत. सूट पाहिजे तर साहेबांकडे अर्ज करा.” मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “बरोबर ना, नाना? तुमचंच आहे हे.”

टंकलेखकाने मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी बोर्डाकडे पाहिले. स्वतःच्या मागणीला पहिल्याच सोमवारी स्वतःच भगदाड पाडावे, हे मला शोभले नसते. निदान तेव्हा मला तसे वाटले. मी म्हणालो, “नियम सर्वांना सारखा.” पहारेकऱ्याने मला सलाम केला आणि मी आत गेलो. माझी पिशवी त्याने तपासली नाही.

पहिले काही दिवस टंकलेखक तासातासाला फाटकाबाहेर जाऊन गोळी चघळून येई. पण तलफ गिऱ्हाईक पाहून येत नाही, आणि गिऱ्हाईक रिकाम्या खुर्चीसमोर थांबत नाही. ते पुढच्या टेबलाकडे जाई. मग त्याने जाणे बंद केले. ओठ मिटून बसे. टंकनात चुका होऊ लागल्या. एका वारसनोंदीत त्याने जिवंत माणसाला कैलासवासी केले, आणि तो जिवंत माणूस समोरच उभा होता.

“काय वो, माझ्या बायकूनं सांगितलं का?” तो इसम म्हणाला. सगळी शेड हसली. टंकलेखक हसला नाही.

त्यानंतर एक-दोन दिवसांतच मला वास आला. बावीस वर्षे शेजारी बसल्यावर चुना मळलेल्या तंबाखूचा वास ओळखायला वळून पाहावे लागत नाही. मी वळलो. त्याचा अंगठा डाव्या तळव्यावर फिरत होता. चुन्याच्या डबीत पुन्हा चुना होता.

“अरेरे,” मी म्हणालो. “पाच महिने काढले आणि शेवटी हेच? मी म्हणालो नव्हतो, निश्चय लागतो म्हणून? आत आणली कशी ही?”

“खिशातून,” तो म्हणाला. “हिला कोन आडवतंय? त्यानंच चिमूटभर मागून घेतली.”

“म्हणजे दोष फाटकाचा?”

“मी कुणाचा दोष काढला का, नाना? टाइप तर मीच केलं हाय.”

मला वाटले विषय संपला. पण त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली, डावा गाल बोटाने बाहेर ओढला आणि मोबाइलचा दिवा लावून तोंड माझ्यासमोर उघडले. “बघा,” असे काहीसे तो म्हणाला. गाल धरलेला असल्याने शब्द फुटला नाही.

मला दुसऱ्याच्या तोंडातल्या कोणत्याही गोष्टीची किळस आहे. या सगळ्या प्रकरणाचा उगमच ती किळस होता. तरीही मी वाकून पाहिले, कारण तो दिवा हलवीत नव्हता. आत, गालाच्या कातडीवर, पाकिटाला लावलेली खळ वाळून उरावी तसा एक पांढुरका पापुद्रा होता. नखाएवढा. त्याच्या कडेला तंबाखूचा एक कण अडकलेला होता.

“मंगळवारी दाखवायला जायचंय,” गाल सोडून तो म्हणाला. “पाच महिन्यांत जिरत आला होता. बायकू रोज बॅटरी लावून बघायची. आता ती बघती म्हनली तर मी तोंड उघडत नाय.”

समोर एक गिऱ्हाईक येऊन बसले, त्याला मी नंतर या म्हणून सांगितले. असे मी आजवर फक्त ग्रहणात केले आहे.

त्या दुपारी मी दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला. लोकांच्या चुका मी अत्यंत सफाईने कबूल करतो. ‘नजरचुकीने’, ‘अनवधानाने’, ‘अज्ञानापोटी’ हे शब्द माझ्या टेबलावर शाईइतके स्वस्त आहेत. स्वतःसाठी त्यातला एकही बसेना. नजर चुकली नव्हती; पट्टी दिसत होती. अवधान होते, त्याने विचारले होते. अज्ञान म्हणावे तर त्याविषयीही मला लवकरच कळले. तो तरुण वकील टेबलाशी आला आणि मसुदा वाचून म्हणाला, “काका, सिंगापूरलासुद्धा औषधाचं च्युइंगम मिळतं. केमिस्ट देतो. तुमच्या कात्रणात नव्हतं?” मी कात्रण काढून पाहिले. खाली बारीक अक्षरांत ‘उर्वरित मजकूर पान ७ वर’ असे होते. पान सात मी कधी पाहिलेच नव्हते. त्या दिवसाच्या अंकात वहिनींनी बहुधा भजी बांधून दिली असावीत. वकिलासमोर माझी अशी अवस्था यापूर्वी झाली नव्हती. तो च्युइंगम चघळत होता, तपासणीतून ते त्याने कसे आणले हे मी विचारले नाही. काळ्या कोटाचे खिसे कोणी चाचपत नाही.

चार कागद फाडल्यावर मी लिहिले: ‘अर्जदाराने पूर्वीच्या अर्जात “व तत्सम सर्व” हे शब्द गरज नसताना व सांगूनही ठेवले. त्यामुळे वैद्यकीय सल्ल्याने गम घेणाऱ्या इसमास त्रास झाला आहे. तरी असे औषध वगळून बाकी मनाई कायम ठेवावी, ही विनंती.’ टंकलेखकाने तो संगणकावर घेतला. ‘सांगूनही’ या शब्दावर त्याची बोटे थांबली.

“हे ठिवू का काढू?”

“ठेवा,” मी म्हणालो.

दुरुस्तीच्या अर्जालाही आवक क्रमांक पडला. साहेब म्हणाले की मूळ अर्ज वरून आलेला असल्यामुळे दुरुस्तीही वरूनच यायला हवी. म्हणजे तो आता जिना चढतो आहे, आणि उतरेल तेव्हा उतरेल. मंगळवार मात्र पाच दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या बसस्थानकाजवळच्या औषधाच्या दुकानातून, टंकलेखकाकडून मागून घेतलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, एक पट्टी घेतली आणि चष्म्याच्या घरात, चष्म्याखाली ठेवली. फाटकावर पहारेकऱ्याने पुढच्या माणसाची पिशवी उलटी केली होती. मला पाहून त्याने हनुवटी वर केली.

“या, नाना! बघा, तुमच्यामुळं आवार कसं चकाचक झालं.”

“तपासणी नीट करता ना?” मी विचारले.

“एकालाही सोडत नाही,” तो म्हणाला आणि मला सोडले.

शेडमध्ये येऊन मी चष्म्याचे घर टंकलेखकाच्या टेबलावर उघडले. तो पट्टीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे.

“नाना, हे तत्सम हाय.”

“गप्प बसा आणि चघळा. कालच्या वारसनोंदीत अजून दोन माणसं मेलेली आहेत, ती आधी जिवंत करा.”

मंगळवारी तो दुपारच्या गाडीने आला. डॉक्टर त्याला पुष्कळ बोलले. अलीकडे पुन्हा सुरू केली होती हे त्यांनी तोंड उघडताच ओळखले. चट्टा पूर्वीपेक्षा थोडा लहान आहे, पण गेलेला नाही; आणखी तीन महिने गोळी चालू ठेवायची आणि तंबाखूला हात लावायचा नाही, असे सांगून त्यांनी त्याला परत पाठवले. चुन्याची डबी त्याने माझ्यासमोर वहिनींच्या नळाखाली धुतली आणि उन्हात पालथी ठेवली.

च्युइंगमविषयीचे माझे मत बदललेले नाही. कालच मी शेडमधले बाक पुन्हा उलटे केले. बोर्ड लागून इतके दिवस झाले तरी फळीखाली चार नवे गोळे होते, तेव्हा नियम आणखी कडक हवा आणि तो राबवणारा माणूस आणखी शहाणा हवा, असेच मी म्हणतो. ज्यांनी ते गोळे लावले त्यांना मी आजही गाईच्या खाली मोजतो. दुरुस्तीच्या अर्जाचे उत्तर आलेले नाही. तोवर रोज सकाळी फाटकाशी मी चष्मा डोळ्यांवर चढवतो, म्हणजे चष्म्याचे घर रिकामे आहे असे दिसावे, आणि माझ्याच वाक्याखालून आत येतो.